निसरड्या फुटपाथवरची धास्ती

मॉन्ट्रियलमध्ये बर्फ पडत असताना चालणं तसं सोपं असतं. ताजा, भुसभुशीत बर्फ बुटाखाली दबतो आणि पाय धरून ठेवतो. कठीण असतं ते नंतर. दुपारच्या उन्हात तो वितळतो, रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि फुटपाथवर काचेसारखा थर धरतो. खालचं काँक्रीट जसंच्या तसं दिसत असल्यामुळे हा ब्लॅक आइस नजरेलाच येत नाही. मीठ टाकतात, पण पारा उणे पंधराच्या आसपास गेला की मिठाचा फारसा उपयोग होत नाही. मग बारीक खडी पसरतात.

माझं घर शहरातल्या कोट-दे-नेज या भागात, चढावर. एका जानेवारीत पाऊस पडता पडताच जमिनीवर गोठत होता, तेव्हा मी त्या उतारावर पडले. मनगट सुजलं, हाड शाबूत राहिलं. सूज उतरली तरी भीती काही जाईना. आदल्या रात्रीपासून मी हवामानाचा अंदाज पाहत बसायचे. बूट चढवताना पोटात गोळा यायचा. दाराबाहेर पाऊल टाकलं की छाती धडधडायची, बोटांना मुंग्या यायच्या, गरगरायचं. थंडीनेच होत असणार, असं मी धरून चालले होते. आई फोनवर म्हणायची, "नको गं बाई बाहेर पडूस, सगळं घरीच मागवून घे." तिची काळजी खरीच होती. मी सामान घरी मागवू लागले, मैत्रिणींकडे जाणं टाळू लागले. जायचं नाही असं ठरलं की लगेच मोकळं वाटायचं, आणि पुढच्या खेपेला भीती आणखी वाढलेली असायची.

क्वेबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, ८११ वर फोन करून दोनचं बटण दाबलं की मानसिक त्रासाबद्दल बोलायला माणूस मिळतो, दिवसरात्र, फुकट. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांना हे माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकलं आणि समुपदेशन घ्यायला सुचवलं. समुपदेशनासाठी माझी पाळी यायला वेळ लागला, पण आली.

पहिल्या भेटीत चिंता मोजायची जीएडी-७ ही सात प्रश्नांची यादी भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांत काळजी किती वेळा आवरेनाशी झाली, असे प्रश्न. जास्तीत जास्त गुण २१. माझी चिंता मध्यम पातळीची निघाली. मग समुपदेशक बाईंनी शरीरात काय होतं ते समजावलं. धोका वाटला की ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास उथळ आणि भराभर होतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यातूनच मुंग्या येतात, गरगरतं. हे कळल्यावर मला केवढा धीर आला! पुढचं ऐकून तर मी चकितच झाले. घाबरलेला माणूस अंग ताठ धरतो, नजर पायांवर खिळवतो, आणि ताठरलेल्या अंगाला तोल सावरणं जड जातं. म्हणजे पडण्याची भीतीच पडायला मदत करत होती.

पण सगळं काही मनात नव्हतं, हे मी ठासून सांगेन. इथे बर्फ ट्रकमध्ये भरून नेतात. सां-मिशेल भागातल्या जुन्या फ्रँकॉन खाणीत त्याचा डोंगर उभा राहतो. रस्ता उपसायच्या आधी भोंगा वाजतो, उभ्या गाड्या हलवाव्यात म्हणून. मात्र ट्रक येईपर्यंत बर्फ सारणाऱ्या गाड्यांनी लोटलेला ढीग नेमका रस्ता ओलांडायच्या कोपऱ्यावर असतो आणि त्याच्या पायथ्याशी गार चिखलाचं डबकं. बाबागाडी ढकलणारी आई, काठी टेकत येणारे आजोबा, चाकाच्या खुर्चीतला माणूस यांनी काय करायचं? याचा राग येणं हा आजार नाही. दीर्घ श्वास घेऊन तो घालवायची गरजही नाही. बाईंनी मला वहीत दोन रकाने करायला लावले. 'कोपऱ्यावर ढीग आहे' हे एका बाजूला, 'मी पडणार आणि कोणी उचलणार नाही' हे दुसऱ्या बाजूला. ही विभागणी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

मग सराव सुरू झाला. आधी नुसतं पायऱ्यांवर उभं राहायचं, मग कोपऱ्यापर्यंत, मग मेट्रोपर्यंत, आणि अगदी शेवटी तो उतार. प्रत्येक ठिकाणी श्वास लांब सोडत, धडधड ओसरेपर्यंत थांबायचं. मधूनच पळ काढायचा नाही. पावलं छोटी, तळवा सपाट, भार पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर, नजर थोडी पुढे. बुटांना लोखंडी काट्यांचे पट्टे लावते, पण मेट्रोच्या दारात आठवणीने काढते, कारण फरशीवर तेच काटे घसरतात.

गोठणारा पाऊस असला तर मी आजही घरीच थांबते. फरक इतकाच, की सकाळी एकदा अंदाज बघते, खिडकीतून फुटपाथ बघते आणि ठरवते. रात्रभर घालमेल होत नाही. बाकी दिवशी आईशी त्या उतारावरून चालतानाच बोलते. कोपऱ्यावर ढीग दिसला तर ३११ वर, म्हणजे शहराच्या तक्रार क्रमांकावर, कळवते, कारण काठीवाल्या आजोबांना वळसा घालायला दुसरी वाटच नसते.