चौतीस मिलीमीटर

सिंधुदुर्गातल्या एका छोट्या खासगी लॅबमध्ये मी मायक्रोबायोलॉजी बघते. गेल्या मे महिन्यात एका खलाशाचा पस तपासायला आला. पायात शिंगाळा माशाचा काटा घुसलेला, तीन आठवडे मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्लेल्या, जखम तशीच ओली. ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त मिसळलेल्या जेलीवर, सोनेरी ठिपके उगवले, स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू. सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाच्या चकतीभोवतीचं, जंतू न उगवलेलं स्वच्छ वर्तुळ जेमतेम १४ मिलीमीटर. २१ किंवा त्याखाली भरलं की एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन आणि त्याच्या कुळातल्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस. मेथिसिलिन १९५९ मध्ये आलं आणि १९६१ मध्ये त्याला न जुमानणारे जंतू ब्रिटनमध्ये सापडलेसुद्धा. आमच्या बंदरावर ते भेटले याचं नवल नव्हतं.

रिपोर्ट न्यायला त्याची बायको आली. पिशवीतून बाटली काढून म्हणाली, "मॅडम, ह्या आमच्या बचत गटाचा दालचिनीच्या पानांचा तेल. जखमेर लावला तर चलात काय?"

"डॉक्टरांना विचारा," एवढं बोलून थांबायला हवं होतं. पण मला हुक्की आली. थोडं तेल ठेवून घेतलं, वेगळ्या प्लेटवर तोच जंतू पसरला, कोऱ्या चकतीवर १० मायक्रोलिटर तेल सोडलं. सकाळी इन्क्युबेटर उघडला तर मसाल्याचा भपकारा. आमचा मदतनीस म्हणतो, "सागोती खंय शिजता?" तेलाभोवती ३४ मिलीमीटर, लख्ख. मी फोटो काढला आणि (अजून कान गरम होतात) तिला पाठवला.

चौथ्या दिवशी तो स्वतः लंगडत आला. जखमेभोवतीची कातडी भाजल्यासारखी लाल, वर फोड. निव्वळ तेल, दिवसातून तीनदा. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून दिलेलं डॉक्सिसायक्लिनही बंद केलेलं. "तुमीच दाखवलात ना, जंतू मेले म्हणान."

त्याला तसाच डॉक्टरांकडे धाडला. त्यांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे नको.

संध्याकाळी पुन्हा प्लेट लावली. या वेळी तेल फक्त झाकणाला, अगारला स्पर्शही नाही. सकाळी तरीही मधोमध स्वच्छ. म्हणजे बरंचसं काम बंद प्लेटमध्ये कोंडलेल्या वाफेचं. उघड्या पायावरून ती उडून जाते, उरलेल्या तेलाचा जोर पसातली प्रथिनं कमी करतात. आणि त्यातलं युजेनॉल जंतूचं आवरण फोडतं तसं आपल्या पेशींचंही फोडतं. औषधाच्या चकतीचे मिलीमीटर ठरलेल्या तक्त्याशी ताडून बघता येतात, माझ्या ३४ ला तसा तक्ताच नव्हता. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं.

आमच्याकडे तेल म्हटलं की आजीच्या वाटीतलं उंडीचं आठवतं. बिया घाण्यावर गाळून काढलेलं, जड, आठवडाभर वाटीत तसंच राहणारं. दालचिनीचं वाफेवर काढलेलं, झाकण उघडं राहिलं की उडणारं. दोघांनाही आपण तेलच म्हणतो, म्हणून लावायची रीतही एकच धरतो.

गोळ्या आणि ड्रेसिंग नीट सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरा स्वॅब आला. ४८ तास ठेवला, काही उगवलं नाही. रिपोर्ट घेताना बायको म्हणाली, "मगे ह्या तेलाचा काय करू?" अर्धी बाटली शिल्लक होती. मी ठेवून घेतली. किती पातळ केलं तरी जंतू मरतो ते ट्यूबमध्ये मोजायचं होतं. पहिल्याच ट्यूबमध्ये तेल तळाशी जाऊन बसलं. तेल पाण्यात मिसळायला लावणारं ट्वीन ८० मागवलंय.