पॅरासिटामॉलचा फॉर्म दोन वाढवला, माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मॅडमनी मला पॅरासिटामॉलचे पॉलिमॉर्फ दिले. म्हणजे रेणू तोच, बेंझिनची रिंग, एका टोकाला ओएच आणि बरोब्बर समोर अमाइड, पण स्फटिकात हे रेणू एकापेक्षा जास्त प्रकारे रचले जातात. नेहमी मिळतो तो फॉर्म एक, मोनोक्लिनिक (रचनेच्या पेटीचा एक कोन तिरका). मला हवा होता फॉर्म दोन, ऑर्थोऱ्हॉम्बिक (तिन्ही कोन काटकोन). (फॉर्म तीनही आहे पण तो फारच नाजूक, त्याच्या वाटेला मी गेलेच नाही.)

हाच का हवा, तर माझी मावसबहीण गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत टॅब्लेट सेक्शनला आहे, तिला सहज विचारलं तर म्हणाली, अगं नुसतं पॅरासिटामॉल दाबलं तर गोळीची वरची चकती सुटते, कॅपिंग म्हणतो आम्ही, म्हणून बाइंडर, म्हणजे पावडर धरून ठेवणारा पदार्थ, घालावाच लागतो. आणि याचं कारण सरळ स्फटिकाच्या रचनेत आहे! फॉर्म एकमध्ये हायड्रोजन बाँडने बांधलेले थर नागमोडी असतात, एकमेकांत अडकून बसतात, दाब दिला की सरकत नाहीत, तडकतात. फॉर्म दोनमध्ये थर सपाट, पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे पावडर छान दाबली जाते. अणू एकही बदललेला नाही. हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचेना.

आता प्रत्यक्षात काय होतं, तर गरम इथेनॉलमध्ये विरघळवा, गाळा, थंड होऊ द्या, कितीही सावकाश केलं तरी खाली बसतो फॉर्म एकच, कारण स्थिर तोच आहे. फॉर्म दोनला त्याचंच बी, म्हणजे आधीच तयार असलेला त्याचा बारीक स्फटिक, लागतं, नुसता धीर धरून तो येत नाही. आणि ते बी मिळतं वितळवून. फॉर्म एक साधारण 169-170 अंशांना वितळतो, छोट्या वायलमध्ये (काचेच्या बाटलीत) वितळवून थंड होऊ दिला की जो खडा तयार होतो त्यात बहुतेक फॉर्म दोन असतो. हाइसा यांच्या जपानी गटाने फॉर्म दोनची रचना 1974 लाच सोडवली होती, पण द्रावणात बी टाकून तो हमखास काढायची रीत निकल्स आणि फ्रॅम्प्टन यांनी 1998 मध्ये छापली. मी त्यांच्याच वाटेने गेले.

द्रावण बर्फात ठेवून शून्य अंशापर्यंत आणायचं, बी टाकायचं, आणि मग घाई, तासाभरात स्फटिक गाळून कोरडे करायचे. द्रावणात तसेच राहिले तर फॉर्म दोन विरघळत जातो आणि फॉर्म एक वाढत जातो. त्यात आमचा ताळगाव पठारावरचा जुलै, थंड वायलला बाहेरून पाणी सुटतं, झाकण काढलं की दमट हवा आत, इथेनॉल पाणी ओढून घेतं, वर लाईट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून मी फ्रीजच्या भरवशावर न राहता बर्फाची बादलीच वापरली आणि वायल घट्ट बंद ठेवली.

द्रावणात एका फॉर्मचा दुसरा होणं, वोलर आणि लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1832 मध्ये बेंझामाइड नावाच्या पदार्थात हेच पाहिलं होतं, आधी रेशमी सुया आल्या आणि बघता बघता त्यांचे जाड स्फटिक झाले. त्या सुयांची रचना कळायला पुढे दीडशेहून जास्त वर्षं गेली. द्रावणावर नजर ठेवून बसताना मला सारखी त्यांची आठवण यायची.

ओळखायला आधी डीएससी केलं, म्हणजे सॅम्पल हळूहळू तापवून ते किती अंशांना वितळतं ते पाहिलं, फॉर्म दोनचा पीक 157 अंशांच्या आसपास दिसतो. सॅम्पल खलात जोरात घोटू नका, घोटण्यानेही फॉर्म पालटू शकतो. मग मायक्रोस्कोपखाली एक स्वच्छ, बिनभेगेचा स्फटिक निवडून सिंगल क्रिस्टल एक्सआरडीला (एक्स-रे टाकून आतली रचना काढायच्या तपासणीला) दिला. युनिट सेल, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारी सगळ्यात छोटी पेटी, स्क्रीनवर आला, बाजू 11.8, 17.2 आणि 7.4 अँगस्ट्रॉमच्या जवळपास, तिन्ही कोन 90. फॉर्म एकचा एक कोन तिरका असतो, त्यामुळे पूर्ण डेटा यायच्या आधीच कळलं की हा तोच! मी तिथेच ओरडले, मॅडम पण हसल्या.

उरलेले कोरडे स्फटिक आता डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) वेगळ्या वायलमध्ये ठेवलेत, वर फॉर्म आणि तारीख लिहून, म्हणजे पुढच्या बॅचला बी तयार मिळेल आणि कुणाला पहिल्यापासून वितळवत बसावं लागणार नाही. फक्त वापरण्याआधी डीएससी परत करून घ्या.