शेऱ्याचा रकाना

युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या एका देशाचं हवामान खातं पुन्हा उभं करायच्या कामावर मी तीन वर्षं होते. देशाचं नाव लिहीत नाही. तिथले सहकारी अजून त्याच परिस्थितीत काम करताहेत.

मी पोचले तेव्हा मुख्य कार्यालयात वीज यायची ती दिवसातून काही तास. हायड्रोजन तयार करायचं यंत्र बंद, म्हणून वरच्या हवेचे वेध घेणारे फुगे सोडणं थांबलेलं. यादीत केंद्रं भरपूर होती, पण नोंदी येत होत्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणांहून. आधीच्या मदतीतून आलेली स्वयंचलित केंद्रं जागोजागी उभी होती. कुठे बॅटरी मेलेली, कुठे सौर पट्ट्या चोरीला गेलेल्या, आणि एके ठिकाणी सगळं ठाकठीक असूनही सिमकार्डाचे पैसे न भरल्यामुळे केंद्र मुकं झालेलं. नवीन यंत्र घ्यायला पैसे मिळतात, त्याची बॅटरी बदलायला मिळत नाहीत. ही गोष्ट मला आजही सलते.

2022च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी 2027पर्यंत जगातल्या प्रत्येक माणसापर्यंत पूर्वसूचना पोचवण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्यानंतर आमच्याकडेही बैठका वाढल्या आणि प्रत्येक बैठकीत रडारचा विषय निघू लागला. मी विरोध केला. रडारला अखंड वीज लागते, सुटे भाग लागतात, ते उघडून दुरुस्त करू शकणारा अभियंता लागतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. शेवटी पहिल्या वर्षापुरतं ठरलं ते असं: थर्मामीटर, बॅरोमीटर, पर्जन्यमापक, वही आणि निरीक्षकांचा पगार दर महिन्याला. शेवटची बाब मंजूर करून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

जागतिक वेळेनुसार 00, 06, 12 आणि 18 वाजता जगभरातली केंद्रं एकाच वेळी नोंद घेतात, म्हणून तर त्या नोंदी एका नकाशावर मांडता येतात. जिथे रात्री बाहेर पडणं धोक्याचं होतं तिथल्या रात्रीच्या नोंदी आम्ही सोडून दिल्या. नियम एकच घातला: घेतली नाही ती नोंद कोरी राहील, अंदाजाने भरायची नाही.

हा नियम एका वयस्कर निरीक्षकांना सांगायची गरजच पडली नाही. लढाईच्या काळात पगार नसतानाही त्यांनी वही चालू ठेवली होती. पर्जन्यमापक फुटला तेव्हा त्यांनी सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवला आणि पट्टीने मिलिमीटर मोजले. डब्याची बाजू सरळ असेल तर पाण्याची उंची हाच पाऊस, ते बरोबरच होतं. पण मला भावला तो त्यांचा शेरा. रोजच्या आकड्यापुढे लिहिलेलं, ‘डबा वापरला’. त्यामुळे त्या वर्षांच्या नोंदी किती विश्वासाच्या हे आज कुणालाही ठरवता येतं. त्या सगळ्या वह्यांची पानं आम्ही फोटो काढून जपली.

शेरा नसला तर काय होतं तेही पाहिलं. एका केंद्राचा, त्याच्या उंचीचा हिशेब करून समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब रोज साडेतीन-चार हेक्टापास्कल कमी यायचा. नकाशावर तिथे कायमचा कमी दाबाचा पट्टा! बॅरोमीटर दोनदा तपासला, तो निर्दोष होता. मग कळलं, जुनी इमारत पडल्यावर केंद्र टेकडीवर हलवलं होतं, सुमारे तीस मीटर वर. यादीत उंची जुनीच राहिली होती. कमी उंचीवर दर आठ मीटरला साधारण एक हेक्टापास्कल जातो, हिशेब जुळला.

नोंदी जगाला देण्यावरूनही वाद झाला. ‘आमची माहिती फुकट का द्यायची?’ हा प्रश्न खोटा नव्हता, या लोकांनी बरंच काही गमावलं होतं. पण आमच्या प्रदेशाचे अंदाज ज्या मोठ्या अंदाज-केंद्रांच्या संगणकी प्रारूपांतून येतात, त्यांना आमच्याच हवेची खबर नसेल तर तो अंदाज आमच्यासाठीच कच्चा राहतो. 2021मध्ये जागतिक हवामान संघटनेने ठरवलेल्या किमान जाळ्यात जमिनीवरची केंद्रं दर दोनशे किलोमीटरला आणि नोंद दर तासाला अपेक्षित आहे. आम्ही त्याच्या जवळपासही नव्हतो, तरी असेल ते पाठवायला लागलो.

पहिला पुराचा इशारा मात्र वाया गेला. त्यात मिलिमीटर होते, तो सरकारी भाषेत होता आणि रात्री उशिरा निघाला, कारण सही कुणाची यावर दोन कार्यालयांचं एकमत होईना. त्यानंतर कोणत्या पातळीला कोण सही न विचारता इशारा काढेल हे लिहून घेतलं. मजकूर नदीकाठच्या लोकांसोबत बसून बदलला: ‘संध्याकाळपर्यंत नदीच्या उतारावरून पलीकडे जाता येणार नाही, गुरं वर न्या.’ हा मजकूर रेडिओवर लोकांच्या बोलीत वाचला जायचा.

पुढच्या पावसाळ्यात वरच्या खोऱ्यातून त्याच वयस्कर निरीक्षकांचा दुपारी फोन आला, इशारा उजेडातच गेला. लोक वर गेले. पाणी रात्री आलं आणि आमचा काठावरचा पर्जन्यमापक घेऊन गेलं. नवा वरच्या बाजूला बसवला. जागा बदलल्याची तारीख आणि नवी उंची त्याच दिवशी वहीत लिहिली, यादीतही.