तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीच्या खोलीतली उशी

घरी कोणी आलं की लेकीच्या खोलीत डोकावतं, तिथली जमिनीवर बसायची-लोळायची गोल उशी बघतं आणि पुढचे दोन प्रश्न ठरलेले. "एवढी मोठी उशी कुठे मिळाली?" मी घरी शिवली म्हटलं की, "मग माप द्या ना!" माप द्यायला माझी ना नाही. पण माप घेऊन गेलेल्या दोघींच्या उशा महिनाभरात भाकरीसारख्या चपट्या झाल्या, म्हणून या वेळी पहिल्यापासून सांगते. ही उशी शिलाईत बिघडत नाही, पोटात बिघडते.

माझीही पहिली खेप फसलीच होती. दुकानदाराने थर्माकोलचे दाणे गळ्यात मारले. हलके, स्वस्त, भरायला सोपे. एप्रिलच्या एका दुपारी लेकीने चेन उघडली आणि वर पंखा फिरत होता. आमच्या जळगावची उन्हाळ्यातली हवा इतकी कोरडी, की दाणे भिंतीला, पडद्याला, पोरीच्या केसांना चिकटून बसले. झाडायला गेले तर झाडूलाच चिकटले. शेवटी ओल्या फडक्याने एकेक टिपले. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर सापडले ते वेगळेच. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पण त्या दिवशी जावेचा दीड वर्षाचा मुलगा तिथेच रांगत होता. एखादा दाणा नाकात ओढला गेला असता तर? लहान मूल असलेल्या घरात हे दाणे नकोतच.

मग फोमचे तुकडे भरले. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की त्यावर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. पोरगी उशी सोडून सरळ फरशीवर आडवी व्हायची, आणि तिचं बरोबर होतं.

कापसाच्या मुलखात राहून मला कापूस तिसऱ्यांदा सुचला, याचं आईला फार हसू आलं. माहेर अमळनेरकडचं, घरी कापूस असतोच. पण बोंडातून वेचलेला कापूस आणि उशीत भरायची रुई यांत सरकीचं, म्हणजे कापसाच्या बियांचं, अंतर असतं. १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. मला लागणार होती ९ किलो रुई, म्हणजे २६-२७ किलो कापूस. आई म्हणाली, "इतला कापूस एक उशीमा? काय करी राहिनी व माय!" आणि तिने कवडीचं पोतं पुढे केलं. किडक्या बोंडांतली ती पिवळट, गाठीगाठींची कवडी, नाहीतरी तिला कोण विचारतं. भावाने मात्र जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस घातला तेव्हा माझ्यापुरती रुई मागून आणली.

ती घेऊन गादीवाल्या पिंजारी चाचांकडे गेले. थोडी कवडीही नेली होती, आईचा मान राखायला. चाचांनी चिमूटभर बोटांत ओढून पाहिली आणि बाजूला सारली. हिची गाठ सुटत नाही, धूळ उडते, पोराच्या उशीत नको, म्हणाले. पूर्वी त्यांच्याकडे पिंजण होती, कापूस पिंजायची धनुकली, तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत यायचा. आता विजेचं मशीन आहे. पण भरताना हात चाचांचेच. आधी काठ भरायचे, मूठ-मूठ दाबून, आणि मग मध्य. आपण घरी नेमकं उलटं करतो, मधोमध ढीग लावतो आणि कडा पोकळ राहतात. भरून झाल्यावर काठीने सगळीकडून सारखं करायचं आणि गादीला घालतात तसे आरपार टाके. दाभणाने, जाड दोऱ्याने, एक मध्ये आणि सहा भोवती. टाके नसतील तर मूल जिथे उडी मारतं तिथून कापूस सरकतो आणि उशीला खळगा पडतो. त्या दोघींच्या उशांना टाकेच नव्हते.

आता माप. तयार उशी ३६ इंच व्यासाची, ८ इंच उंच. ४४ इंच पन्ह्याचं जाड सुती कापड ३ मीटर घ्या आणि कापण्याआधी धुऊन वाळवा. कोरं कापड आटतं, आणि उशी शिवून झाल्यावर आटलं तर खोळ पुन्हा चढत नाही. कापडाची चौघडी करा, मधल्या कोपऱ्यावर टेपचं टोक धरा आणि साडेअठरा इंचांवर खडूने कमान काढत जा. असे दोन गोल. बाजूची पट्टी ९ इंच रुंद आणि ११६ लांब. हिशेबाने घेर ११३ भरतो, पण जास्तीची इंचभर पट्टी कापून टाकता येते, कमी पडली तर रडायची वेळ येते. अर्ध्या घेरात ५६ इंची चेन येईल. तेवढी पट्टी १० इंच रुंद कापून उभी दोन भागांत चिरा आणि मध्ये चेन बसवा. याहून लहान चेन लावलीत तर ९ किलोचा गोळा आत घालताना दोन माणसं लागतील.

गोल आणि सरळ पट्टी जोडताना सगळ्यांची दमछाक होते. पट्टीच्या काठाला अर्ध्या-अर्ध्या इंचावर छोटे कात्रे द्या, मग ती गोलावर वळते. गोलाचे चार भाग खडूने आखा, पट्टीचेही चार भाग आखा आणि खूण खुणेवर टाचणीने टाचा. ताणून शिवू नका. सुई १६ नंबरची. आतली खोळ मांजरपाटाची, याच पद्धतीने, चेन सोडून आणि इंचभर मोठी. त्यामुळे बाहेरची खोळ टम्म दिसते.

उशी जड होते हे आधीच सांगते. लेक ती उचलत नाही, ओढत नेते. म्हणून मी बाजूला धरायला एक कान शिवून दिलाय, दुहेरी कापडाचा. पावसाळ्यात कापूस ओल धरतो आणि कुबट वास येतो. उघडीप मिळाली की गच्चीवर टाकायची. ऊन मात्र आपल्याकडे विकत घ्यावं लागत नाही. दोन वर्षांनी टाके उसवून पुन्हा पिंजून घ्या, तीच रुई पुन्हा फुलते.

आता जावेच्या मुलालाही अशीच उशी हवी आहे. परवा आईला फोन केला तर ती माझ्या आधीच बोलली, "पोतं भरी ठेयेल शे. दुसरी वेचणीना शे, कवडी नही."