साठ माणसांचे स्लायडर: माझा अनुभव

लेकीच्या ग्रॅज्युएशनला खायला काय ठेवायचं, यावर आमच्याकडे फार चर्चा झालीच नाही. तिला स्लायडर हवे होते. स्लायडर म्हणजे दोन-तीन घासांत संपणारा छोटा चीजबर्गर. आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो आणि इथल्या मुलांना तो लहानपणापासून माहीत असतो. स्लायडरसाठी ओळखली जाणारी व्हाइट कॅसल ही कंपनी १९२१ साली कॅन्ससमधल्या विचिटा गावी सुरू झाली, तेव्हा पाच सेंटला एक छोटा बर्गर मिळायचा. १९३४ मध्ये कंपनीने आपलं मुख्य कार्यालय कोलंबसला आणलं आणि ते अजूनही इथेच आहे.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. इथे बारावी होण्यालाही ग्रॅज्युएशन म्हणतात, आणि ती झाली की मे-जूनच्या शनिवार-रविवारी घरोघरी 'ओपन हाउस' असतं. गराज रिकामं करायचं, लांब टेबलं मांडायची, मुलीचे लहानपणापासूनचे फोटो लावायचे आणि दुपारी दोन ते पाच अशी वेळ द्यायची. पाहुणे एकदम येत नाहीत. मुलं एका दुपारी तीन-तीन घरं करतात, शेजारी येऊन अर्धा तास बसतात, मराठी मंडळातले लोक सावकाश चारनंतर येतात. म्हणजे साठ माणसांचा स्वयंपाक असला तरी पंगत एक नाही, आणि दोन वाजता येणाऱ्याला जसं गरम मिळतं तसंच पावणेपाचला येणाऱ्यालाही मिळायला हवं.

बाहेर ग्रिलवर एकेक बर्गर भाजायचा विचार मी पहिल्याच दिवशी सोडला. त्यात घरातलं एक माणूस तीन तास पाहुण्यांकडे पाठ करून धुरात उभं राहतं, आणि ते माणूस बहुधा मी किंवा नवरा. लेकीला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाशी मला बोलायचं होतं. त्यामुळे ठरवलं, बर्गर करायचेच नाहीत, लाद्या करायच्या. ट्रेभर खिम्याचा एकच थर, खाली-वर न सोडवलेली, मधून आडवी कापलेली पावाची लादी, मध्ये चीज, आणि सगळं झाल्यावर सुरीने कापून चोवीस तुकडे. घरच्या घरी गर्दीसाठी चीजबर्गर करायचे तर याहून चांगली रीत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

ट्रे इथल्या बेकरीवाल्यांचा, अठरा बाय तेरा इंचांचा, ज्याला हाफ शीट म्हणतात. पाव हवाईयन रोल. किंग्ज हवाईयनचं बाराचं पाकीट सगळ्या दुकानांत मिळतं. पाव जरासा गोड, फार मऊ, आणि बाराही एकमेकांना चिकटलेले. अशी दोन पाकिटं शेजारी ठेवली की ट्रेच्या आतल्या जागेपेक्षा थोडी लहान भरतात, आणि ते सोयीचंच आहे, कारण खिमाही भाजताना आक्रसतो. ट्रेच्या अगदी कडेपर्यंत दाबून पसरलेला थर ओव्हनमधून निघतो तो जवळजवळ दोन लाद्यांच्या मापाचा होऊन. एका ट्रेला तीन पाउंड खिमा लागतो, थर अर्ध्या इंचाहून कमीच असतो. हा थर पातळ वाटतो, पण छोट्या पावात जाड टिक्की घातली तर चीज आणि पाव दोन्ही हरवतात.

आमच्या घरात बीफ शिजत नाही, आणि येणाऱ्यांत मुस्लिम कुटुंबंही होती. म्हणून सगळा मांसाहारी भाग चिकनचा, आणि चिकन हलाल दुकानातलं. तिथे बोनलेस थाय (मांडीचं मांस) निवडून आपल्यासमोर दळून देतात. छातीच्या मांसाचा खिमा यासाठी घेऊ नये. त्यात चरबी नसते, तो कोरडा पडतो आणि मग सॉसशिवाय घशाखाली उतरत नाही. थायचा खिमा, तोही जाड दळलेला, हाच घ्यावा. मीठ आधीपासून कालवून ठेवायचं नाही. मिठामुळे खिम्यातली प्रथिनं सुटतात, एकमेकांना धरतात आणि थर घट्ट, चिवट होतो. मी मिरपूड, थोडी लसूण पावडर आणि किंचित लाल तिखट घालून हलक्या हाताने खिमा कालवला, आणि मीठ ट्रेमध्ये थापून झाल्यावर, ओव्हनमध्ये घालायच्या क्षणी वरून भुरभुरलं.

कांद्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण स्लायडरची चव कांद्यात आहे. व्हाइट कॅसलमध्ये तव्यावर कांद्याचा थर असतो आणि त्यावर मांसाची चौकोनी चकती. चकती उलटतच नाहीत. खालचा कांदा वाफ सोडतो, त्या वाफेवर मांस शिजतं, वर ठेवलेला पावही तीच वाफ पितो. चकतीला पाच भोकं असतात, ती त्यांनी १९५० च्या दशकात पाडायला सुरुवात केली, म्हणजे वाफ वर यायला वाट मिळते आणि न उलटता मांस सगळीकडून शिजतं. मी हेच तत्त्व ट्रेमध्ये आणलं. ताजा कांदा चिरून घातला तर चिकनचं पाणी आणि कांद्याचं पाणी मिळून ट्रेमध्ये डबकं होतं. त्याऐवजी मसाल्यांच्या कपाटात असतो तो सुका बारीक कांदा घेतला. ट्रेला तेलाचा हात लावून अर्धी वाटी कांदा कोरडाच पसरला आणि त्यावर खिमा थापला. मग लाकडी चमच्याची दांडी ओली करून थरभर भोकं पाडत गेले, एका पावाच्या वाट्याला चार-पाच येतील अशी.

४२५ फॅरनहाइटला (२२० सेल्सिअसच्या आसपास) पंधरा मिनिटं. पहिली काही मिनिटं काही कळत नाही, मग भोकांतून बारीक बुडबुडे यायला लागतात, कडा ट्रेपासून सुटतात आणि घरभर भाजल्या कांद्याचा वास सुटतो. तो सुका कांदा चिकनचा रस शोषून फुगतो, खालून तांबूस होतो, आणि थर उचलला की त्यालाच चिकटून येतो. चिकनचा खिमा आतून १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) झालाच पाहिजे, हा इथल्या सरकारी अन्नसुरक्षेचा नियम आहे. रंगावर किंवा वेळेवर विसंबू नये. थर्मामीटर आडवा खुपसायचा, कडेला एकदा आणि मधोमध एकदा. पंधरा डॉलरच्या आत मिळणारी ही वस्तू गर्दीचा स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक घरात असावी.

मग ट्रे तिरका करून सुटलेलं पाणी आणि चरबी एका भांड्यात ओतून घ्यायची. यात आळस केला तर खालचा पाव भिजतो.

चीज म्हणून अमेरिकन प्रोसेस्ड स्लाइसच. चांगलं मुरलेलं चेडर नुसतं खायला कितीतरी सरस, हे मान्य. पण तापलं की त्यातलं तूप वेगळं होतं आणि मागे गोळा राहतो. प्रोसेस्ड चीजमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार असतात, ते चीजमधलं कॅल्शियम धरून ठेवतात, त्यामुळे प्रथिनं मोकळी होऊन चरबी आणि पाणी दोन्ही सांभाळतात. शिकागोच्या जेम्स क्राफ्टने प्रोसेस्ड चीजचं पेटंट १९१६ साली घेतलं, ते टिकाऊपणासाठी. आपल्याला त्याचा फायदा असा की हे चीज एकदा वितळून निवलं आणि पुन्हा गरम केलं तरी फाटत नाही, आणि ओपन हाउसला नेमकं हेच हवं. मी चीज दोन थरांत घातलं. खालच्या पावावर एक थर, म्हणजे रस पावात उतरत नाही, आणि मांसावर दुसरा, कडेवर कडा येईल असा.

त्यावर पावागणिक डिल पिकलची (काकडीच्या आंबट लोणच्याची) एकेक चकती, कागदी रुमालावर टिपून कोरडी केलेली. वर पावाची वरची लादी. फॉइलने घट्ट झाकून ३५० फॅरनहाइटला दहा मिनिटं, मग फॉइल काढून वितळलेलं बटर आणि तीळ लावून आणखी तीन-चार मिनिटं. झाकलेल्या दहा मिनिटांत पाव वाफ पितो, उघड्या मिनिटांत वरचा पापुद्रा कोरडा होतो. दोन्ही पायऱ्या हव्यात.

आता शाकाहारी ट्रे. आमच्याकडे येणाऱ्यांतले निम्मे तरी शाकाहारी, आणि मला त्यांच्यासाठी 'काहीतरी ठेवलंय' असं नको होतं. तोच बर्गर, तेवढ्याच मानाचा. व्हाइट कॅसलने २०१८ मध्ये वनस्पतीजन्य इम्पॉसिबल स्लायडर आणला, आणि तसा वनस्पतीजन्य खिमा दुकानात कच्चाही मिळतो. पण आमच्यातल्या जन्मभर शाकाहारी असलेल्या काकू-आजींना मांसाची आठवण करून देणारी चव नको असते. बटाट्याचं सारण केलं असतं तर त्याचा वडापाव झाला असता, आणि वडापाव मला वडापाव म्हणूनच खायला आवडतो. म्हणून राजमा घेतला. शिजवून, निथळून, अर्धवट ठेचलेला राजमा, मशरूम बारीक चिरून कोरड्या कढईत पाणी पूर्ण आटेपर्यंत भाजलेले, परतलेला कांदा, आणि बांधणीला जाडे पोहे धुऊन चुरलेले. पोह्यांनी ओलावा ओढून घेतला आणि थर सुंदर धरला. ब्रेडक्रम्सपेक्षा पोहे मला केव्हाही जास्त भरवशाचे वाटतात.

या ट्रेच्या बाबतीत पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचावी लागली. हवाईयन रोलमध्ये अंडं असतं. त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांच्या ट्रेसाठी भारतीय दुकानातून बिनअंड्याचा लादी पाव आणला. तो आकाराने थोडा मोठा, चवीला कमी गोड, आणि राजम्याबरोबर खरं सांगायचं तर जास्त चांगला. इथल्या बहुतेक पाककृतींत वरच्या बटरमध्ये वूस्टरशर सॉस घालतात, आणि त्यात अँचोवी मासा असतो. तो मी कुठल्याच ट्रेला वापरला नाही, म्हणजे ब्रश चुकून इकडचा तिकडे व्हायची भीती नाही. चीजवर नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलेलं असेल तर ते प्राण्यांपासूनचे की सूक्ष्मजीवांपासूनचे हे कळत नाही, म्हणून व्हेजिटेरियन रेनेट (रेनेट म्हणजे चीजसाठी दूध घट्ट करणारं एन्झाइम) असं स्पष्ट लिहिलेले स्लाइस शोधले. कांदा-लसूण न खाणारं एक कुटुंब होतं, त्यांच्यासाठी एका लहान थाळीत पनीरचे जाड काप मिरपूड लावून भाजले आणि त्याच पावात घातले. त्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, आमचे वेगळे केलेस?" त्यांच्या त्या एका वाक्यासाठी मी आणखी चार थाळ्या केल्या असत्या.

एकूण सात ट्रे. चार चिकनचे, तीन राजम्याचे. ओव्हनमध्ये एका वेळी दोनच मावतात. आदल्या रात्री राजम्याचं सारण तयार होतं, चीजचे स्लाइस सोडवून कागदावर मांडलेले होते, पिकल टिपून डब्यात. सकाळी अकराला पहिले दोन ट्रे ओव्हनमध्ये गेले. उरलेलं चिकन फ्रीजमध्येच ठेवलं, एकेक ट्रे थापायच्या वेळी बाहेर.

गरम ठेवायला एक उपाय इथल्या केटरिंगवाल्या मैत्रिणीने सांगितला होता. सहलीला बर्फ घालून नेतो तो मोठा कूलर गरमही तितकंच धरून ठेवतो. कूलरमध्ये उकळतं पाणी ओतून झाकण लावून वीस मिनिटं ठेवायचं, पाणी काढून टाकायचं, तळाशी जाड टॉवेल, त्यावर फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलेल्या लाद्या, वर पुन्हा टॉवेल. गरम अन्न १४० फॅरनहाइटच्या (६० सेल्सिअस) खाली जाऊ द्यायचं नसतं, म्हणून थर्मामीटर तिथेही हाताशी होता. टेबलावर मात्र एका वेळी एक चिकनची आणि एक राजम्याचीच लादी. ती संपली की दुसरी. बाहेर काढलेलं अन्न दोन तासांच्या आत संपवावं, आणि बाहेर ९० फॅरनहाइटच्या वर ऊन असेल तर तासाभरात, असा नियम आहे. त्या दिवशी गराजमध्ये पंखा लावूनही चांगलंच उकडत होतं, पण कुठलीच लादी तासभर टिकली नाही.

लादी टेबलावर आल्यावरच कापायची, दातेरी सुरीने, दाबून नव्हे तर करवतीच्या चालीने. कापताना चीजचे तार निघतात आणि मुलं तिथेच गोळा होतात. लेकीच्या बास्केटबॉल टीममधल्या मुलींनी सुरी माझ्या हातातून घेतली आणि पुढच्या लाद्या त्यांनीच कापल्या, शाकाहारीची सुरी वेगळी आहे हे येणाऱ्या प्रत्येकाला बजावत. मी तेवढ्यात शेजारच्या आजोबांशी, लेकीच्या पियानोच्या बाईंशी, चारनंतर आलेल्या मंडळातल्या लोकांशी निवांत बोलले.

पाचला थोडेसेच उरले होते. ते एकेक करून फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये गेले. खायच्या वेळी फॉइल काढून ओल्या कागदी रुमालात गुंडाळायचे आणि मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवायचे, पाव पहिल्यासारखा मऊ होतो.

शेजारणीच्या मुलाचं ओपन हाउस पुढच्या आठवड्यात होतं. तिला मी चिठ्ठीवर लिहून दिलं: दर माणशी तीन धर, बास्केटबॉल खेळणाऱ्यांना पाच. ट्रेला तीन पाउंड खिमा, चोवीस पाव, चीजचे दोन थर. पहिली लादी पाहुणे यायच्या अर्धा तास आधी कूलरमध्ये गेलेली असू दे. माझा कूलर गराजच्या डाव्या कोपऱ्यात आहे, घेऊन जा.