फ्रीजमध्ये वांग्यांशेजारी घटपर्णीच्या बिया

किडे खाणारं झाड जळगावात उगवायचं म्हटल्यावर घरचे हसले, आणि त्यांचं काही चुकलं नाही म्हणा. आपल्या मेघालयातली घटपर्णी, म्हणजे नेपेंथेस खासियाना, तिला दमट हवा लागते, आपल्याकडे मे महिन्यात कूलरपण गरम वारा फेकतो. म्हणून मी सॅरासेनिया घेतली, तीही घटपर्णीच, पण अमेरिकेतल्या दलदलीतली, भरपूर ऊन मागते आणि ऊन तर आपल्याकडे फुकट.

पण या बियांना आधी थंडी दाखवावी लागते, नाहीतर उगवतच नाहीत नीट. ओल्या स्फॅग्नम मॉसमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळात ठेवून चार आठवडे फ्रीजमध्ये, भरताच्या वांग्यांशेजारी. आईने डबी उघडली, "हाई काय शे रे?" म्हणून फेकणारच होती, थोडक्यात वाचली!

मग कोकोपीट नाही, मातीही नाही, पीट मॉस (दलदलीत अर्धवट कुजलेलं तेच शेवाळ) आणि परलाइट (पांढरे हलके खडे). बी वरच टाकायचं, गाडायचं नाही, त्याला उजेड लागतो. आणि शेणखत चुकूनसुद्धा नको, खतानेच मरतं हे झाड, किडे खातं ते जमीन निकस असते म्हणूनच ना. बोअरचं क्षाराचं पाणीपण चालत नाही, मी पावसाचं साठवलेलं वापरलं.

वीस बियांपैकी सात आल्या, तेही तिसऱ्या आठवड्यात. आधी दोन साधी पानं, आणि त्यानंतरचं पहिलंच पान चक्क घडा, तांदळाच्या दाण्याएवढा! पूर्ण वाढायला काही वर्षं लागतील. तोवर डासांचं काम ऑलआउटच बघेल.