माझा अनुभव: फ्यूल प्रेशर रेग्युलेटर खराब आहे हे सापडायला लागलेले तीन आठवडे

फ्यूल प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे इंजिनला जाणाऱ्या पेट्रोलचा दाब सांभाळणारा छोटा भाग, बदलायला पाऊण तास लागला. तोच खराब आहे हे सापडायला तीन आठवडे. बदलण्यात सांगण्यासारखं काही नाही, राग सगळा त्या तीन आठवड्यांचा आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी, मल्टिपॉइंट इंजेक्शनची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर. इंजिनपर्यंत पेट्रोलच्या दोन नळ्या येतात: एक पेट्रोल आणणारी, दुसरी उरलेलं परत टाकीत नेणारी. हे दोन नळ्यांचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्रास असा. सकाळी थंड गाडी एका सेल्फमध्ये चालू. कुठेतरी जाऊन बंद केली आणि अर्ध्या तासाने परत आलो, की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची वेळ. पेट्रोलचा भपका यायचा. वैतागून ॲक्सिलरेटर तळाला टेकवला आणि सेल्फ मारला, की खोकत-खोकत चालू व्हायची आणि मागून काळ्या धुराचा लोट. दोन-तीन मिनिटांनी जणू काही झालंच नाही. सिग्नलला आयडल (गाडी उभी असताना इंजिनचा वेग) वर-खाली, ॲव्हरेज पडलेलं, हायवेवर मात्र एका शब्दाची तक्रार नाही.

खरं तर निदान पहिल्याच दिवशी माझ्या पायाखाली होतं. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर बंद ठेवतो आणि आत नुसती हवा जाते. म्हणजे तसं केल्यावर गाडी चालू होत असेल, तर आत पेट्रोल कमी नाही, जास्त झालंय. हे मी वर्कशॉपच्या काउंटरवर सांगायला हवं होतं. मी काय सांगितलं? "स्टार्टिंग प्रॉब्लेम आहे." जॉब कार्डावर तेवढंच लिहिलं गेलं.

पहिल्या फेरीत स्कॅनर लावला. कोड आला पी०१७२, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "बघा सर, ऑक्सिजन सेन्सर." तो सेन्सर सायलेन्सरच्या वाटेवर बसून धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते सांगत असतो. तो ओरडून सांगत होता की पेट्रोल जास्त येतंय, म्हणून आम्ही ओरडणाऱ्यालाच काढून टाकलं. चार दिवसांनी चेक इंजिनचा दिवा परत लागला.

दुसऱ्या फेरीत प्लग काढले. काजळीने काळेकुट्ट. नवे टाकले, इंजेक्टर साफ केले. प्लग काळे का झाले, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मलाही नाही, हे कबूल करतो.

तिसऱ्या फेरीत "गाडी ठेवून जा" झालं. दुसऱ्या दिवशी फोन: "सर, गाडी तर एका सेल्फमध्ये चालू होतेय." होणारच. रात्रभर उभी होती. मी म्हटलं, चांगली गरम करा, बंद करा, अर्धा तास थांबा, मग मारा सेल्फ. "हो सर, करतो." संध्याकाळी गेलो तर म्हणाले, केलं, काही नाही. बॉनेटवर हात ठेवला. गार होतं, आणि काचेवर कालची धूळ जशीच्या तशी. त्या धुळीवर वायपरसुद्धा फिरला नव्हता.

त्या रात्री बसून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर एकच मागणी केली, फ्यूल प्रेशरचा गेज लावा. उत्तर: "स्कॅनरमध्ये सगळं दिसतं सर."

दिसत नाही. माझ्या गाडीत फ्यूल रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, प्रेशरचा सेन्सरच नाही. ईसीयू पेट्रोल मोजत नाही, तो फक्त इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. तेवढ्या वेळात किती पेट्रोल पडेल हे इंजेक्टरच्या मागच्या आणि पुढच्या दाबातल्या फरकावर अवलंबून. तो फरक दुप्पट झाला तर पेट्रोल साधारण १.४ पट पडतं. म्हणून हा फरक कायम राखायचं काम रेग्युलेटरकडे असतं, आणि तो ते एकही तार न लागता करतो. पत्र्याची छोटी डबी, आत रबरी डायफ्राम, त्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. पेट्रोलचा दाब स्प्रिंगवर भारी पडला की डायफ्राम उचलला जातो, झडप उघडते आणि जादाचं पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जातं. पंप मुळातच गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवत असतो, त्यामुळे हे सतत चालू.

स्प्रिंगच्या बाजूला एक बारीक रबरी पाइप असतो, तो इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याला, जोडलेला. आयडलला मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ असते, समजा ०.६ बार. रेलमध्ये ३ बार तसेच राहिले तर इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक ३.६ होईल. पण तीच ओढ पाइपातून डायफ्रामलाही लागते, स्प्रिंगचा जोर तेवढा कमी होतो, रेल २.४ वर येते आणि फरक पुन्हा ३. मला हे कळलं तेव्हा, वैताग असूनही, कौतुक वाटलं.

तर गेज. गेज होता, पण एका मेकॅनिकच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली त्याच्याकडे आणि तो रजेवर. चार दिवस! एवढ्या मोठ्या वर्कशॉपमध्ये पेट्रोलचा दाब मोजायचं एकमेव साधन एका माणसाच्या रजेच्या अर्जावर अडलेलं. रोज फोन केला. रोज "उद्या येतोय सर".

आला एकदाचा. गेज लावला, आयडलला काटा २.४. त्याने रेग्युलेटरवरचा रबरी पाइप उपसला, काटा ३ वर. अगदी पुस्तकात असतं तसं. काउंटरवाला मागे उभा होता, म्हणाला, "बघा सर, प्रेशर ओके." चार दिवस ज्या गेजसाठी भांडलो, त्यानेच मला खोटं पाडलं असं वाटलं.

पण मेकॅनिकने किल्ली फिरवून इंजिन झटकन बंद केलं आणि बोटं नाकाला लावली. पाइप आतून ओला होता. पेट्रोल. रेग्युलेटरच्या ज्या टोकावर तो पाइप बसतो तिथे एक थेंब फुगत होता. तो टपकला, दुसरा आला.

तिथे फक्त हवेची ओढ असायला हवी. पेट्रोल आलं म्हणजे डायफ्रामला भोक. भोक बारीक असल्याने चालू इंजिनमध्ये दाब बरोबर दिसत होता. आयडलला मॅनिफोल्ड त्या भोकातून पेट्रोल चोखायचा. हायवेवर ओढ कमी आणि हवा भरपूर, म्हणून तिथे त्रास नाही. गाडी बंद केली की रेलमधलं पेट्रोल त्याच वाटेने मॅनिफोल्डमध्ये झिरपायचं आणि गरम इंजिनमध्ये वाफ होऊन बसायचं. रात्रभरात ते विरायचं, शिवाय थंड इंजिनला तसंही जास्त पेट्रोल लागतं, म्हणून सकाळी सगळं छान.

म्हणजे गेज नसता तरी चाललं असतं. पाइप काढून वास घ्यायचा, झालं. घरी बघणार असाल तर इंजिन बंद आणि गार असताना, उघड्यावर बघा, जवळ आग-ठिणगी नको. चालू इंजिनवर पाइप उपसू नका. त्या थेंबाखाली गरम लोखंड असतं.

नवीन रेग्युलेटर टाकताना पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, दाब उतरला, ओ-रिंग नव्या घातल्या. हो, एक राहिलं: ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. माझ्या ऑइलची पातळी वर चढली होती, पेट्रोल मिसळलेलं. ते बदलल्याशिवाय गाडी दामटू नका.

आणि इंजिनपर्यंत पेट्रोलची एकच नळी येत असेल, तर हा पाइप शोधत बसू नका. तसल्या गाड्यांत रेग्युलेटर बहुधा टाकीत, पंपासोबतच असतो.

जुना रेग्युलेटर मागून घेतला. पाण्यात बुडवून पाइपच्या टोकातून सिरिंजने हवा दाबली, दुसऱ्या तोंडातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. जॉब कार्डावर या शेवटच्या फेरीची नोंद आहे, "जनरल चेकअप".